उदास, विषण्ण की नैराश्यवादी?

बोरूबहाद्दर :
नॉर्वेच्या 'बुर्झुम' या संगीत-प्रकल्पावरील एका लेखाचा अनुवाद करताना 'डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटल' या कर्कश रॉक संगीताच्या उपप्रकारासाठी मी 'उदास ब्लॅक मेटल' असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'नैराश्यवादी' केले. 'वाद' म्हटला की भूमिका आली. १९९६ साली आलेला 'बुर्झुम'चा 'फिलोसोफेम' हा अल्बम ऐकताना मात्र कोणी मला काही पटवून देत आहे असे कधीच वाटले नाही. मोजक्या स्वरांची एकच ओळ कितीतरी मिनिटे फिरत राहते, आणि शेवटून दुसरा तुकडा तर पंचवीस मिनिटांचा, नुसत्या सिंथेसायझरवरचा आहे, ज्यात जवळजवळ काहीच घडत नाही. तो संपतो तेव्हा माझे डोके शांत झालेले असते. याला योग्य शब्द कोणता?

निळी शाई :
'उदास' नको. 'उदासीन' म्हणजे उत् + आसीन, बाजूला बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात 'उदासीनो गतव्यथः' आहे. म्हणजे त्याची व्यथा गेलेलीच आहे. 'विषण्ण' घ्यावा. तो वि + सद्, म्हणजे खाली बसणे, खचणे. हिंदीतला 'अवसाद' याच धातूचा.

माजघर :
बालकवींनी 'उदासीनता' लिहिली ती मनाला काहीतरी बोचते आणि काय ते कळत नाही, यासाठी. शंभर वर्षांपूर्वीच दुसऱ्या घरी नांदायला गेलेल्या शब्दाला आपण व्युत्पत्तीच्या जोरावर माहेरी ओढून आणू नये.

बोरूबहाद्दर :
मला तर दोन्ही घरे हवी आहेत. बोचही आहे आणि बाजूला बसणेही आहे. 'विषण्ण' स्वीडनच्या 'सायलेन्सर' या बँडला द्यावा; त्यांच्या २००१ मधल्या एकमेव अल्बममधला गायक इतक्या चिरक्या आवाजात ओरडतो की तिथे कोणालाही बाजूला बसता येत नाही.

माजघर :
त्या ओरडण्याला 'टाहो' म्हणू नये, एवढी विनंती. टाहो कोणीतरी ऐकावा म्हणून फोडलेला असतो. ही किंकाळी आहे. गिटारच्या आवाजाला मात्र माझ्याकडे नेमका शब्द आहे : घरघर. आमची आजी पहाटे दळायला बसायची तेव्हा जात्याची घरघर भिंतीतून अंथरुणापर्यंत यायची, तीच लय, तेच न संपणे, आणि मी त्यातच पुन्हा झोपी जायचे. शेवटची घरघर लागणेही त्याच शब्दात आहे, हे विसरू नये.

निळी शाई :
आजींबद्दल आदर राखून म्हणतो, घरघर खर्जातली असते. या ध्वनिमुद्रणात खर्ज जवळजवळ नाहीच. 'फिलोसोफेम'मध्ये गिटार घरच्या स्टिरिओच्या अँप्लिफायरला जोडली होती आणि गायनासाठी मुद्दाम हेडसेटचा निकृष्ट माइक वापरला होता. स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा हा पातळ आवाज आहे. ही खरखर आहे.

माजघर :
खरखर खरवडते, तिने कोणाला झोप लागत नाही.

निळी शाई :
मला लागते. 'डिस्टॉर्शन'साठी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले 'विरूपण' तरी कोणी सुचवले नाही, हे आपले नशीब.

बोरूबहाद्दर :
लेख 'नैराश्यवादी' या शब्दासह छापून आला आहे. पुढच्या भागात गिटारचे वर्णन आहे. तिथे तूर्त 'घरघर' लिहून ठेवतो, कारण 'खरखर' संपादक छपाईचा दोष समजतील.