मदत हवी आहे: गुणी पण तापट पोरगं, ठेवू का देऊन टाकू?

मंडळी, जरा सल्ला द्या. आमची पेठेतली बास्केटबॉल टीम, कोच म्हणजे मीच, पगार वगैरे काय नाही. त्यात एक १९ वर्षाचं पोरगं आहे, हात लय भारी, तीन पॉइंटच्या लाइनबाहेरनं टाकलं की नुसता जाळीचा आवाज येतोय, पण डोकं म्हणजे पेटती काडी. परवा पाचवा फाऊल बसला, म्हणजे बाहेर, नियमच आहे, तर ह्यानं बाटली कोर्टात भिरकावली आणि बूट हातात घेऊन अनवाणीच रंकाळ्याकडं चालत सुटला, दोन दिवस फोन बंद.

आता सांगलीची एक टीम म्हणतीय ह्याला द्या, आमची दोन पोरं घ्या. दोघंबी वेळेवर येणारी, सरळ, पण खरं सांगू, साधीच.

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, जा मोरांट नावाच्या खेळाडूवर २०२३ मध्ये आधी ८ आणि मग २५ मॅचची बंदी आली, तरी त्याच्या टीमनं, मेम्फिसनं, तेव्हा त्याला सोडला नव्हता. उलट १९९५ ला सॅन अँटोनिओच्या टीमनं डेनिस रॉडमन ह्या असल्याच गुणी पण तापट खेळाडूला शिकागोला देऊन विल पर्ड्यूला घेतलं, आणि शिकागोनं पुढं सलग ३ टायटल मारली. रॉडमन काय पोरगा नव्हता तेव्हा, पण भीती तीच की हो.

ह्याच्या घरात वडील आजारी आहेत, हे मला परवाच कळलं. कुणी असं पोरगं सांभाळलंय का? बेंचवर बसवलं का घरी जाऊन बोलला? रविवारपर्यंत सांगलीला उत्तर द्यायचंय.