न ओरडता वर्ग सांभाळणारे शिक्षक: तुमचे अनुभव सांगा

निळी शाई

काल मुलाच्या शाळेतून निरोप आला. वर्गात सारखा उठतो, शेजारच्याला बोलतं करतो, लक्ष नसतं. त्याला समोर बसवून चार शब्द सुनवायचे म्हणून तोंड उघडलं आणि एकदम आमच्या पाचवीच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

मी अगदी हाच होतो. माझ्या बाकाचा एक पाय डुगडुगायचा आणि मी तो दिवसभर वाजवायचो. टक टक, टक टक. आधीच्या वर्षी त्यापायी बरेच तास दाराबाहेर काढले होते.

या बाई कविता म्हणत म्हणत माझ्यापाशी आल्या आणि माझ्या बाकावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटांच्या पेरांवर खडूची पूड होती, ती मला अजून दिसते. एक कडवं संपेपर्यंत हात तिथेच. टकटक थांबली. का थांबली, ते त्यांना आणि मला सोडून वर्गात कुणालाच कळलं नाही.

तास संपल्यावर म्हणाल्या, "पाय हलवल्याशिवाय तुला सुचत नाही ना? मग उद्यापासून वह्या तू वाटायच्या आणि तूच गोळा करायच्या." म्हणजे तासाला दोनदा वर्गभर हिंडायची रीतसर परवानगी! बक्षीस मिळालं असंच मला तेव्हा वाटलं होतं. त्यांनी माझ्या पायांची सोय केली होती, हे कळायला मुलाचा बाप व्हावं लागलं.

तुम्हाला भेटलेत असे कुणी? लिहा. चांगलेच हवेत असं नाही.

खडूवाली

एकोणीस वर्षं शिकवतेय. तो बाकावरचा हात वाचून अंगावर काटा आला. जवळ जाऊन उभं राहणं, शिकवणं न थांबवता. इतकं साधं आहे, पण अंगी बाणायला मला पाच-सहा वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी नुसती ओरडायचे. सहामाहीपर्यंत घसा बसला, आणि मुलांना माझ्या ओरडण्याची सवय झाली ती वेगळीच.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास खूप तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना दिसलं. तेच तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात. वाचलं त्याच दिवशी करून पाहिलं. मुठीत खडू धरून मनात मोजते. दुसऱ्या सेकंदालाच जीव कासावीस होतो हो! पण वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी माझ्या चौथ्या आकड्याला बोलली. उत्तर चुकलं होतं. मला त्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नाही.

बाकीचं नंतर लिहिते, तास आहे.

तिसरा बाक

आमचे गणिताचे सर. उत्तर चुकलं की फळ्यावरचं पुसू द्यायचे नाहीत. "राहू दे, हे कुठून आलं ते बघू." मग अख्खा वर्ग शोधायला लागायचा की याने हातचा कुठे सोडला. चुकणारा त्या दिवसाचा हिरो. मी मुद्दाम पुढे जायचो फळ्यावर.

बस आली, एवढंच.

रिकामी ओळ

चांगलेच हवेत असं नाही म्हणालात म्हणून लिहिते. आमच्याकडे पेपर वाटायचे ते गुणांच्या उतरत्या क्रमाने, नाव आणि गुण मोठ्याने वाचून. "यामुळे मुलं ईर्ष्येने अभ्यास करतात" असं सांगायचे. पहिल्या पाचात असणारे करतही असतील. माझं नाव शेवटच्या चारात. गठ्ठा पातळ होत जायचा तसे माझे हात गार पडायचे. त्या विषयाचं पुस्तक नंतर मी कधीच आपणहून उघडलं नाही. आता चाळिशी उलटली तरी कुणी यादी वाचायला लागलं की पोटात गोळा येतो.

खडूवाली

@रिकामी ओळ, ताई, वाचून फार वाईट वाटलं. पेपर पालथा ठेवून प्रत्येकाच्या बाकावर द्यायला पाच मिनिटं लागतात. फक्त पाच.

दप्तर

प्रेरणेवरून आठवलं. लेकीला वाचनाची गोडी लागावी म्हणून एका पुस्तकाला एक चांदणी असा तक्ता भिंतीवर लावला होता. दीड महिन्यात तक्ता भरला. मग चांदण्या संपल्या आणि वाचनही संपलं. शेवटी शेवटी तर सगळ्यात पातळ पुस्तकं शोधून आणत होती.

नंतर कळलं की यावर १९७३ चा एक गाजलेला प्रयोगच आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. बालवाडीतली, आपणहून आवडीने चित्रं काढणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर बक्षीस आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांवर काही वाईट परिणाम नाही!

म्हणजे आवडीच्या गोष्टीवर आपणच मजुरी लावतो. ज्यात मुळातच रस नाही तिथे बक्षिसाने सुरुवात करून द्यायला माझी हरकत नाही. पण लेक आधी वाचत होती हो, मीच मध्ये पडले.

चौथी घंटा

वह्या गोळा करणारे आमच्या वर्गात डावखुरे असायचे, कारण त्यांचं लिहून सगळ्यात शेवटी व्हायचं 😄 मीही त्यातलाच. शाई हाताला, हात सदऱ्याला.

तिसरा बाक

@चौथी घंटा, डावखुऱ्यांचा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. उजव्याशेजारी बसलं की कोपराकोपरी! आमच्या बाईंनी मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं आणि भांडणं त्या दिवशीच संपली.

चौथी घंटा

काढतो रविवारी.

उशिराचा तास

द्वाड मुलाला मॉनिटर करणं यावर कुणी बोललं नाही अजून. मला केलं होतं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. आठवडाभर मी राजा, मग मधल्या सुट्टीत माझ्याशी कुणी खेळेना. जबाबदारी द्यावी, पण वह्या वाटण्याची, झाडांना पाणी घालण्याची. दुसऱ्यांवर पहारा ठेवण्याची नको. तो शिक्षकाने स्वतः ठेवावा.

खडूवाली

@उशिराचा तास, शंभर टक्के पटलं. जेकब कूनिन या संशोधकांनी १९७० साली हेच मांडलं. वर्गांचं चित्रीकरण करून त्यांनी पाहिलं की चांगला चालणारा वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांत फरक कशाने पडतो. खोडी झाल्यावर शिक्षक काय करतात यात फारसा फरक निघालाच नाही. फरक होता तो आधीच्या गोष्टींत. कुठे काय चाललंय ते शिक्षकाला ठाऊक आहे हे मुलांना जाणवणं, एका कामातून दुसऱ्यात जाताना खोळंबा न होणं. माझ्या वर्गात सगळा गोंधळ वह्या काढायच्या त्या दोन मिनिटांत व्हायचा. आता फळ्यावर एक कोडं आधीच लिहिलेलं असतं. वही निघाली की पेन आपोआप चालायला लागतं.

रिकामी ओळ

सगळ्यांचं वाचतेय. कपडे वाळत घालता घालता डोळे भरून आले. @तिसरा बाक, तुमच्या सरांसारखं कुणी मला तेव्हा "हे कुठून आलं" विचारायला हवं होतं.

निळी शाई

आज शाळेत जाऊन आलो. भांडायला नाही. बाईंना बाकावरच्या हाताची गोष्ट सांगितली. त्या तरुण आहेत, वर्गात बावन्न मुलं, दिवसभर उभ्या असतात. ऐकताना खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून वह्या त्याच्याकडे देते, बघू." जमलं नाही तर दुसरं काहीतरी शोधू म्हणाल्या.

घरी येऊन लेकाला विचारलं, वर्गात सारखा का उठतोस? पहिल्यांदाच नीट विचारलं. म्हणाला, "बाबा, बाक हलतो."

उशिराचा तास

खरंच हलत असेल! पायाखाली जाड कागदाची घडी घालून बघा, खिळा मारायला माणूस येईपर्यंत टिकते. सोमवारचं कळवा.