मदत हवी आहे: आयोवात शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे सामने लाइव्ह कसे बघता?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डे मॉइनला राहतो. शिकागो कब्जचे सामने बघायला लीगचं वर्षभराचं स्ट्रीमिंग पॅकेज घेतलं, पण सामना लावला की ब्लॅकआउट, म्हणजे संघाच्या 'घरच्या' हद्दीत पॅकेजवर लाइव्ह सामना बंद! शिकागो इथून गाडीने पाच तास, तरी आयोवा त्यांच्या 'घरच्या' हद्दीत मोडतं. कब्जच नाही, तर व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, ब्रूअर्स, ट्विन्स आणि रॉयल्स अशा एकूण ६ संघांची ही हद्द आहे. म्हणजे सहाही संघांचे सामने इथे पॅकेजवर लाइव्ह बंद. फार जिव्हारी लागतं हे.

पॅकेजवाल्यांशी बोललो. ब्लॅकआउट बिलाच्या पत्त्यावर नाही, तुम्ही जिथे बसून बघता त्यावर ठरतो, म्हणून पत्ता बदलून उपयोग नाही. अँटेना लावला, त्यावर फक्त राष्ट्रीय वाहिन्यांवरचे मोजके सामने येतात. सामना संपल्यावरचं रेकॉर्डिंग नको, लाइव्हच हवं. घरी केबल नाही, फक्त इंटरनेट आहे. व्हीपीएन सुचवू नका, नियमात बसत नाही.

कब्जच्या प्रादेशिक वाहिनीचं ॲप केबलशिवाय, महिन्याच्या वर्गणीवर मिळतं. आयोवाच्या झिप कोडवर (इथला पिन कोड) ते कुणी वापरतंय का? आणि कब्ज सेंट लुईसला (कार्डिनल्सच्या घरी) किंवा मिलवॉकीला (ब्रूअर्सच्या घरी) खेळायला गेले, की ते सामनेही त्यावर लाइव्ह दिसतात का?