उपहासात्मक कादंबरीवर सरकार बंदी का घालतं, आणि कशी?

पेठेतला_वाचक
आमच्या सदाशिव पेठेतल्या वाचनकट्ट्यावर येत्या रविवारी हा विषय आहे. सरकारवर कडक टीका करणारी पुस्तकं निवांत विकली जातात, टिंगल करणाऱ्या कादंबरीवर मात्र गदा येते, ती का? बंदी घालायची कायदेशीर वाट कुठली? ग्रंथालयातल्या प्रतींचं काय होतं?

कलमकसाई
वाट फार सोपी आहे, तीच खरी अडचण. राज्य सरकारला आधी कोर्टात जावं लागत नाही. मजकुराने गटागटांत तेढ वाढेल किंवा धर्मभावना दुखावतील असं मत कारणांसह राजपत्रात छापलं की पुस्तक सरकारजमा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली होतं. मग पोलीस देशात कुठेही प्रत जप्त करू शकतात. ग्रंथालयात शिरून झडती घ्यायची तर मॅजिस्ट्रेटचं वॉरंट हवं, आणि येणारा निदान फौजदार हवा.

परदेशी पुस्तकाची आयात केंद्र सरकार सीमाशुल्क कायद्याखाली रोखतं. रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'चं १९८८ साली तेच झालं. २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात ती अधिसूचना कुणालाच सापडेना, तेव्हा ती नाहीच असं धरून याचिका निकाली निघाली!

तिरकस
'का'बद्दल. उपहासात लेखक सरळ काही बोलत नाही, बरळतं ते पात्र. तक्रारदार नेमकं ते वाक्य अधोरेखित करतो, त्या एका पानाची झेरॉक्स निवेदनाला जोडतो, आणि पात्राचं बोलणं लेखकाच्या नावावर चढतं. मागचीपुढची पानं मंत्रालयात कोण वाचतंय? मोर्चा निघण्याआधी आदेश काढलेला बरा, एवढाच हिशेब असतो.

धर्मभावना दुखावण्याला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं २९५-अ हे कलमसुद्धा अशाच एका पुस्तिकेमुळे आलं. लाहोरच्या त्या उपहासात्मक पुस्तिकेचा प्रकाशक १९२७ मध्ये हायकोर्टातून सुटला, म्हणून त्याच वर्षी कायद्यात भर घातली गेली.

जिथे सत्ता एकाच पक्षाची, तिथे कारण राजकीय. कुत्र्याचा माणूस होतो अशी बुल्गाकोव्हची १९२५ची कादंबरी सोव्हिएत देशात छापून यायला १९८७ उजाडलं.

कलमकसाई
दाद मागायची तर राजपत्राच्या तारखेपासून दोन महिन्यांत हायकोर्टात अर्ज करायचा. तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ बसतं. अर्ज लेखकानेच करावा असं नाही. जेम्स लेन यांच्या पुस्तकावरची २००४ची बंदी (ती कादंबरी नव्हे, पण कायदा तोच) एक वकील, एक माहितीपटकार आणि एका कार्यकर्तीच्या अर्जावर उठली, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम केलं. तेढ नेमकी कोणत्या समाजांमध्ये, हे अधिसूचनेत लिहिलंच नव्हतं. म्हणून कुठलाही आदेश हातात आला की आधी कारणांचा परिच्छेद वाचा. 'भावना दुखावण्याची शक्यता' एवढंच मोघम असेल तर आदेश तिथेच लंगडा.

तिरकस
शिवाय ही सगळी कारवाई पुस्तक छापल्यानंतरची. त्याच कादंबरीचं नाटक करायचं म्हटलं, तर महाराष्ट्रात संहिता प्रयोगाआधीच परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते.