बाबांना मल्टिपल मायलोमा, ट्रान्सप्लांटबद्दल सल्ला हवा

कराडकर:
बाबा ६३ वर्षांचे. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग निघाला. सहा महिने कंबरदुखी म्हणून शेक, मलम, गोळ्या चालल्या होत्या. हिमोग्लोबिन ८ वर आलं तेव्हा तपासण्या झाल्या, मग बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणी. डॉक्टर म्हणतात, चार-सहा महिने औषधं, नंतर मूळपेशींचं ट्रान्सप्लांट. ते ऐकल्यापासून आई जेवत नाहीये. पेशी द्यायला मी आणि भाऊ तयार आहोत, पण या वयात बाबांना झेपेल का? कुणाचा अनुभव?

निशिगंध:
दाता लागत नाही हो. बाबांच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी रक्तातून काढून गोठवतात, मेल्फलॅन या केमोच्या औषधाचा मोठा डोस देतात आणि त्या पेशी सलाईनसारख्या परत सोडतात. चिरफाड नाही. माझ्या आईचं ६५ व्या वर्षी झालं. रक्तातल्या पेशींची संख्या उतरलेली असते ते दहा-बारा दिवस फार कठीण गेले, तोंड आलं, जुलाब झाले. पण ती उठली. आता आजार आटोक्यात ठेवायला लेनालिडोमाइडची गोळी चालू आहे.
एक मात्र आवर्जून सांगते. बोर्टेझोमिब या मायलोमाच्या औषधाच्या इंजेक्शनांनी पायाला मुंग्या आल्या, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. आईने आम्हाला काळजी नको म्हणून लपवलं आणि तिच्या तळव्यांचा बधिरपणा अजून गेलेला नाही.

सह्याद्री_डॉ:
मी रक्तविकारतज्ज्ञ आहे. पहिलं म्हणजे डायक्लोफिनॅकसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आजच बंद करा. या आजारात मूत्रपिंडं आधीच धोक्यात असतात. दुखण्यासाठी दुसरी औषधं आहेत, डॉक्टरांकडून घ्या.
मॅरोच्या नमुन्यावर फिश (पेशींच्या गुणसूत्रांतले बदल शोधणारी) तपासणी झाली का विचारा. आजार किती आक्रमक आहे ते तिच्यातून कळतं. नेहमीच्या तीन औषधांना डाराटुमुमॅब हे चौथं औषध जोडता येईल का, हेही विचारा. पर्सिअस चाचणीत चार औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांचा आजार चार वर्षांनंतरही बळावला नव्हता, तीन औषधं घेणाऱ्यांत सुमारे ६८ टक्के. औषध महाग आहे. परवडलं नाही तर खचू नका, तीन औषधांचा उपचारही चांगला आहे, आणि बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आपल्याकडे जेनेरिक मिळतात.
हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड बरं व्हायला त्रास होऊ शकतो.

कराडकर:
आयआयटी मुंबईची कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडतात ती) बाबांना चालेल?

सह्याद्री_डॉ:
नाही, ती काही प्रकारच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे. मायलोमाच्या कार-टी वेगळ्या, आणि त्या मुख्यतः आजार उलटल्यावर वापरतात. आत्ता त्यामागे धावू नका.

कराडकर:
दोघांचेही मनापासून आभार. दाता लागत नाही हे आईला वाचून दाखवलं, रात्री अर्धी भाकरी खाल्ली तिने. डायक्लोफिनॅकची पट्टी बाबांच्या उशीखाली सापडली. काढून घेतली.