चालायला जाण्यासाठी गाडी काढावी का? (शेफील्ड, इंग्लंड)

कृष्णाकाठ | १२ जानेवारी २०२१

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना मुद्दाम विचारतेय, पण इतरांनीही जरूर सांगा.

माझ्या बाळंतपणासाठी आई सप्टेंबरमध्ये सांगलीहून इथे आली. परतीचं तिकीट डिसेंबरअखेरचं होतं. कोरोना विषाणूचा नवा प्रकार निघाला, भारताने इथून येणारी विमानं थांबवली आणि ती अडकली. आता विमानं थोडीफार सुरू झालीत, पण या दिवसांत तिला एकटीला विमानतळावर सोडायला माझं मन घेत नाही. तिला मधुमेह आहे, दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. सांगलीत ती रोज सकाळी आमराईत चालायची. डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा त्या चालण्यावर जास्त भर दिला होता.

आमचं घर वॉकलीत. हा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. दारातून बाहेर पडलं की एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार. सपाट असा रस्ताच नाही. जवळचा एक रस्ता इतका उभा आहे की चालणाऱ्यांना धरायला कडेने लोखंडी कठडा लावलाय. सध्या सकाळी फुटपाथवर बर्फाचा काचेसारखा थर असतो. तिथे आईला नेलं आणि ती पडली तर? आत्ताच्या दिवसांत मांडीचं हाड मोडून इस्पितळात जाणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको. खाली रिव्हलिनच्या ओढ्याकाठची वाट सुरेख आहे, पण चिखल आणि दगड. त्यामुळे ती बैठकीची खोली ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारते. तिची साखर वाढलीय आणि बोलणं कमी झालंय. दुसऱ्या गोष्टीची मला जास्त काळजी वाटते.

इथून चार-पाच मैलांवर रेडमायर्सचे तीन तलाव आहेत. एकोणिसाव्या शतकात, १८३२ च्या कॉलऱ्यानंतर शहराला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून बांधलेले. तलावांच्या कडेने डांबरी, सपाट रस्ता जातो. बाबागाडीही नेता येते. आधी आम्ही तिथे गेलोय, आईला जागा फार आवडली होती. ते शेफील्डच्याच हद्दीत आहे. खरं तर या शहराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात मोडतो, म्हणजे शहराबाहेर न पडताही माळरानावर जाता येतं. पण या लॉकडाउनमध्ये सरकार म्हणतं, व्यायामाला बाहेर पडा, पण शहरात राहत असाल तर शहराच्या तुमच्या भागातच राहा. वॉकलीहून रेडमायर्स आमच्या भागात धरायचं का?

नवऱ्याचं मत स्पष्ट आहे: गाडी काढायची नाही, सगळ्यांनी असाच स्वतःपुरता अपवाद काढला तर लॉकडाउनला काय अर्थ राहिला? त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. पण आईकडे पाहिलं की घरी बसून राहणंही बरोबर वाटत नाही. मला दंडाची भीती नाही. हे वागणं योग्य आहे का, एवढंच विचारायचंय.

---

रानवाटा | १२ जानेवारी

ताई, मी नॉटिंगहॅमला असतो. भटक्या आहे, त्यामुळे गेल्या मार्चपासून हे नियम बारकाईने वाचत आलोय.

इंग्लंडच्या कायद्यात व्यायामासाठी घराबाहेर पडायला परवानगी आहे. किती मैलांपर्यंत, गाडीने की पायी, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ‘दिवसातून एकदाच’ हेही इंग्लंडच्या कायद्यात नाही. या गोष्टी सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेत. सूचना पाळाव्यात, पण त्या मोडल्या म्हणून दंड करता येत नाही. पोलिसांचाच या दोन्हींत गोंधळ होतो. गेल्या वर्षी २६ मार्चला डर्बीशरच्या पोलिसांनी कर्बर एज या कड्यावर ड्रोन उडवून फिरणाऱ्यांचं, कुत्रे फिरवणाऱ्यांचं चित्रीकरण जगजाहीर केलं. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश लॉर्ड सम्प्शन यांनी तेव्हा त्यावर कडक टीका केली होती. त्यानंतर एप्रिलमध्ये पोलिसांना जी मार्गदर्शक सूचना देण्यात आली ती मला आजही शहाणपणाची वाटते: गाडीने मोकळ्या जागी जाऊन चालणं रास्त आहे, मात्र गाडीत जाणाऱ्या वेळेपेक्षा चालण्यात कितीतरी जास्त वेळ गेला पाहिजे.

तरी या महिन्यात पुन्हा तेच. डर्बीशरमधल्याच फोरमार्क जलाशयावर दोन मैत्रिणी आपापल्या गाडीने पाचेक मैलांवरून चालायला आल्या. त्यांना प्रत्येकी २०० पौंड दंड. हातातली गरम पेयं ‘सहल’ धरली गेली! काल तो दंड मागे घेतला आणि पोलिसांनी माफी मागितली. आणि परवा रविवारी पंतप्रधान स्वतः डाउनिंग स्ट्रीटपासून सात मैलांवरच्या ऑलिंपिक पार्कमध्ये सायकल चालवत होते. ते नियमात बसतं असं त्यांचं कार्यालय म्हणतं. मग आईंचे चार-पाच मैल का बसू नयेत?

माझं मत: जा. जिथे ना गर्दी, ना कोणाशी संपर्क, तिथे चालण्याने विषाणू पसरत नाही. गाडीत तुम्ही घरचीच माणसं असणार, वाटेत कुठे थांबायचं नाही. आईंच्या गुडघ्यांना सपाट रस्ता हवा, ही खरी गरज आहे.

---

लीड्सची_परिचारिका | १२ जानेवारी, रात्री

रानवाटा, तुमची कायद्याची माहिती बरोबर असेल. पण ताईंनी कायदा विचारलेला नाही.

मी आत्ता ड्यूटी संपवून आलेय. आमच्या वॉर्डात एप्रिलपेक्षा जास्त रुग्ण आहेत. एप्रिलमध्ये निदान पुढे उन्हाळा होता. आता गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया पुन्हा पुढे ढकलल्यात, कारण त्या खोल्यांतले भूलतज्ज्ञ आणि परिचारिका अतिदक्षता विभागात लागतात. कालच एका आजोबांच्या मुलीला मी फोनवरून सांगितलं की भेटायला येऊ नका, मी त्यांच्याजवळ बसते.

‘तिथे गर्दी नसते’ हे प्रत्येक जण आपल्या आवडत्या जागेबद्दल म्हणतो. मग बर्फ पडला की त्याच अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात आणि ॲम्ब्युलन्सला वाट राहत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, चालकांकडून समजतं. निसरड्या रस्त्यावर गाडी घसरली तर तुम्ही आमच्याकडेच येणार. एका घराने गाडी काढली तर काही बिघडत नाही, पण हजार घरं तसाच विचार करतात, तेव्हा बिघडतं. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पटतं.

मात्र आईंनी घरातच बसावं असंही मी म्हणणार नाही. मधुमेही बाई महिनोन्‌महिने चालली नाही तर काय होतं, तेही मी वॉर्डातच पाहते. माझं म्हणणं एवढंच: गरज भागेल अशी सगळ्यात जवळची जागा शोधा, मनाला भावेल ती नको. तुमच्या टेकडीच्या पायथ्याशीच हिल्सबरो पार्क आहे ना? सपाट, पक्की वाट, बसायला बाकं. तिथपर्यंत गाडीने जाणं म्हणजे दीडेक मैल. उताराची अडचणही सुटली. यात कोणालाच काही वावगं वाटणार नाही, मलाही नाही.

---

क्लाइडकाठचा_मराठी | १३ जानेवारी

आमच्या स्कॉटलंडमध्ये हे सरळ आकड्यात लिहिलंय. व्यायामासाठी आपल्या कौन्सिलच्या हद्दीबाहेर पाच मैलांपर्यंत जाता येतं आणि जिथून चालायला सुरुवात केली तिथेच ते संपवायचं. वेल्समध्ये याहून कडक आहे: व्यायाम घरापासून सुरू, घरापाशीच समाप्त, त्यामुळे सहसा गाडीचा प्रश्नच येत नाही, फक्त अपंगत्व किंवा आजारपण असेल तर सूट. तुमच्या आईंसारख्यांचा विचार वेल्सच्या नियमात तरी केलेला आहे. इंग्लंडने तो लोकांच्या अंदाजावर सोडला, म्हणून प्रामाणिक माणसं घरात बसून झुरतात आणि बाकीचे हवं तिकडे जातात.

---

सायनवाला | १३ जानेवारी

मुंबईचा अनुभव सांगतो, म्हणजे आकडा लिहिल्यावर काय होतं ते कळेल.

जून २०२० मध्ये ‘मिशन बिगिन अगेन’, म्हणजे लॉकडाउन टप्प्याटप्प्याने उठवणं, सुरू झालं. पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात मोकळ्या जागी चालायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी मिळाली. जागा घराजवळची निवडा असंही आदेशात होतं. पहिल्याच दिवसांत मरीन ड्राइव्ह माणसांनी भरून गेला. मग २८ जूनला पोलिसांनी जाहीर केलं की व्यायाम, खरेदी, केशकर्तनालय, सगळं घरापासून दोन किलोमीटरच्या आत. लगेच हजारो वाहनं जप्त झाली.

नियम सगळ्यांना सारखाच होता. पण चर्चगेटच्या माणसाच्या दोन किलोमीटरमध्ये अख्खा समुद्रकिनारा येतो. धारावीतल्या माणसाच्या दोन किलोमीटरमध्ये काय येतं? गल्ल्या, आणि त्यांत दाटीवाटीने माणसं. त्याने मोकळ्या हवेसाठी दुचाकीवरून शिवाजी पार्क गाठायचं ठरवलं तर अंतर नियमाबाहेर गेलं असतं, पण संसर्गाच्या दृष्टीने तो स्वतःच्या गल्लीपेक्षा जास्त सुरक्षित राहिला असता. अंतर मोजणं सोपं असतं, म्हणून तेच मोजलं जातं. ज्याच्या दाराशी बाग आहे त्याने ‘घराजवळच चाला’ हे दुसऱ्याला सांगताना जरा थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

परिचारिकाताई, हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही जवळची जागा सुचवलीत, नुसता नकार दिला नाहीत. तुमच्या कामाला नमस्कार.

---

कृष्णाकाठ | १७ जानेवारी

सगळ्यांचे आभार. नवऱ्यालाही सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

हिल्सबरो पार्कचं नाव मी आधी घेतलं नव्हतं, कारण दुपारी तिथे खूप माणसं असतात आणि तळ्याच्या कडेच्या वाटेवर समोरून येणाऱ्यापासून दोन मीटर लांब राहणं आईला जमत नाही. ती पटकन बाजूला होऊ शकत नाही. पण परिचारिकाताईंचं वाचून आम्ही वेळ बदलून पाहिली. सकाळी उजाडता उजाडता, बाकीच्या दिवसांपेक्षा कामाच्या दिवशी, तिथे कुत्रे फिरवणारे तेवढे असतात. नवरा कामावर बसायच्या आधी आम्हाला सोडतो. आई एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जाते, टेकते, पुन्हा निघते. गुरुवारी मोठा बर्फ पडला, त्या दिवशी अर्थातच गेलो नाही.

रानवाटा, रेडमायर्सला जायला कायद्याची आडकाठी नाही हे तुमच्यामुळे स्पष्ट झालं. पार्क बंद झालं किंवा सकाळीही गर्दी होऊ लागली तर मी आईला तिथे नेईन आणि मला त्यात गैर वाटणार नाही. पण जवळच्या जागी भागतंय तोवर लांब जायचं नाही, हे आता आमच्या घरात दोघांनाही मान्य आहे. आईला मात्र रेडमायर्सच हवंय. ‘इथे पाणी दिसतं पण आभाळ कमी दिसतं’ म्हणते. तिला मी तसं सांगितलंय, थोडं थांब.

---

रानवाटा | ९ फेब्रुवारी

धागा वर आणतोय, कारण माझ्या आधीच्या प्रतिसादात एक बाजू राहिली होती.

शनिवारी पहाटे लेक डिस्ट्रिक्टमध्ये, कर्कस्टोन खिंडीजवळ रेड स्क्रीज डोंगरावर तंबू ठोकून राहिलेल्या एकाच्या छातीत दुखू लागलं. पॅटरडेलच्या डोंगर बचाव पथकाचे लोक अंधारात वर निघाले. त्यांच्यातले एक स्वयंसेवक दीडशे मीटर खाली कोसळले. मणक्याला जबर दुखापत आहे. तंबूतले दोघे लेस्टर आणि लिव्हरपूलहून आले होते. दोघांनाही २०० पौंड दंड झाला.

ही बचाव पथकं पगारी नसतात. आपापली कामं सोडून येणारी माणसं. मी मोकळ्या हवेत विषाणू पसरत नाही यावरच भर दिला होता. पण आपण कुठे जातो यावर, काही झालं तर कोणाला धावत यावं लागेल हेही ठरतं. हिल्सबरो पार्कात आई घसरल्या तर हाकेच्या अंतरावर रस्ता आहे. माझे डोंगर मी बंद ठेवलेत. नॉटिंगहॅमच्या कालव्याकाठी चालतो.

---

लीड्सची_परिचारिका | ९ फेब्रुवारी

हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. आमच्याकडे आकडे उतरू लागलेत. ताई, आई कशा आहेत?

---

कृष्णाकाठ | २३ फेब्रुवारी

उशीर झाला, बाळाला सर्दी होती. आईची साखर खाली आलीय. ती आता पार्काला पूर्ण फेरी मारते, एकदाच बसते. सकाळी येणाऱ्या एका आजोबांशी तिची लांबूनच ओळख झालीय. तो इंग्रजीत बोलतो, ही मराठीत, आणि दोघांचं बरं चालतं.

काल पंतप्रधानांनी सांगितलं की २९ मार्चला ‘घरीच राहा’ हा नियम उठणार. आईचं तिकीट आम्ही त्यानंतरच्या आठवड्याचं बघतोय, म्हणजे जाण्याआधी तिला रेडमायर्सला नेता येईल. कोणाला मँचेस्टर ते मुंबई, व्हीलचेअरच्या सोयीसह, सध्या कोणत्या मार्गाने जाणं बरं ते माहीत असेल तर कृपया लिहा. हीथ्रोपर्यंत गाडीने नेणंही चालेल.