नव्याने बांधलेलं इंजिन ऑइल जाळतंय, कॉम्प्रेशन मात्र उत्तम: हेड उघडू की पिस्टन काढू?

गिअर_पाच (प्रश्न)

१.३ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. ब्लॉकमधले बोअर (सिलिंडरची भोकं) ०.५० मिमी ओव्हरसाइज करून नवे पिस्टन, नव्या रिंगा, मेन आणि बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) नव्या बेअरिंग बसवल्या. हेडचे व्हॉल्व्ह लॅप केले (सीटवर घासून बसवले), व्हॉल्व्ह सील नवे घातले, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) जुनेच ठेवले. इंजिन २,४०० किमी चाललंय आणि साधारण ७०० किमीला एक लिटर ऑइल घालावं लागतं. बाहेर गळती नाही, कूलंट स्वच्छ. गरम इंजिनवर कॉम्प्रेशन १८०, १७८, १८२, १८० पीएसआय. लांब उतार संपून ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर येतो. थंड स्टार्टला जवळपास काहीच नाही.

इंजिन बांधणारा म्हणतो, कॉम्प्रेशन एवढं चांगलं म्हणजे रिंगा ठीक, दोष हेडमध्ये. दुसरा म्हणतो, रिंगा अजून बसायच्यात, ५,००० पर्यंत चालवा. काहीही उघडण्याआधी काय काय तपासून घेता येईल?

फीलरगेज

दोन्ही सल्ले आत्ता बाजूला ठेवा. वरच्या दोन रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट हवा धरून ठेवतात की नाही, एवढंच कॉम्प्रेशन टेस्ट सांगते. तिसऱ्या, म्हणजे भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या ऑइल रिंगबद्दल ती काही बोलत नाही. ऑइल रिंग पूर्ण निकामी असली तरी गेजवर १८० दिसू शकतात. उलट ऑइल वर येत असेल तर तेच रिंगांभोवतीची फट भरतं आणि आकडा किंचित चढतो. त्यामुळे ऑइल खाणाऱ्या इंजिनवर चांगलं कॉम्प्रेशन पाहून रिंगांना निर्दोष ठरवू नका.

५,००० पर्यंत थांबण्यातही अर्थ नाही. रिंगा बसायच्या त्या बहुतेक पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात. एवढं ऑइल जळत राहिलं तर प्लग खराब होतील, आणि ऑइलमधल्या फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू मरेल.

आधी खप नीट मोजा. सपाट जागा, गरम इंजिन, बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि मग डिपस्टिक पाहायची. दर वेळी त्याच खुणेपर्यंत मोजून ऑइल घालायचं. डिपस्टिक याच इंजिनची आहे ना, तेही बघा. बांधणीत दुसऱ्या इंजिनची नळी किंवा डिपस्टिक लागली असेल तर ऑइल जास्त भरलं जातं, क्रँक ते घुसळतो आणि ते ब्रीदरमधून (क्रँककेसच्या श्वासनळीतून) वर जातं.

मग पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधले वायू इनटेककडे ओढणारी व्यवस्था. व्हॉल्व्ह कव्हरकडून इनटेक मॅनिफोल्डला जाणारा पाइप काढा आणि मॅनिफोल्डचं तोंड घट्ट बंद करा. कव्हरकडचा पाइप एका बाटलीत सोडा. बाटलीला वर भोक हवंच. क्रँककेसचा श्वास कधीही कोंडू नका, नाहीतर आतल्या दाबाने ऑइल सील बाहेर येतील. अशी गाडी २०० ते ३०० किमी चालवा. खप एकदम कमी झाला, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा कव्हरच्या आतला बॅफल (ऑइल अडवणारा पत्रा) साफसफाईनंतर परत बसवलेला नाही. बॅफल विसरणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

रॉकरआर्म

यात भर. गरम इंजिन दहा मिनिटं आयडलला ठेवा, मग कोणाला तरी मागे उभं करून ३,००० आरपीएमपर्यंत रेस द्या. मोठा निळा लोट येऊन लगेच साफ झाला तर संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर. भार असताना सतत बारीक धूर राहिला तर रिंगा. उताराचा धूर मात्र निकाल देत नाही. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्येही व्हॅक्यूम असतो आणि सिलिंडरमध्येही, म्हणून गाइड आणि ऑइल रिंग दोन्हीकडून ऑइल ओढलं जातं.

गाइड जुने आहेत हे मला खटकतंय. ढिल्या गाइडमध्ये व्हॉल्व्हची दांडी हलते आणि नवं सील थोड्याच काळात रुंद होतं. शिवाय सील घालताना दांडीच्या कॉटर खाचेवर प्लास्टिकची टोपी लावली नसेल, तर त्या धारेवर सीलची ओठ कापली जाते आणि ते पहिल्या दिवसापासून गळतं.

लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सर्वात वरच्या बिंदूला), दोन्ही व्हॉल्व्ह बंद, १०० पीएसआय हवा. क्रँक पक्का धरा, कारण हवेने इंजिन फिरतं आणि हात सापडू शकतो. गळतीचा आवाज ऑइल फिलरमधून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक. त्याच वेळी प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा आणि इनटेक व्हॉल्व्ह बघा.

गिअर_पाच

निकाल असे आहेत. पीसीव्ही बाटलीत सोडून २५० किमी चालवली, खपात फरक नाही, बाटलीत जेमतेम ओल. आयडलनंतर रेस दिल्यावर लोट नाही, पण चढावर बारीक धूर सतत. लीकडाउन चारही सिलिंडरला ६ ते ८ टक्के, आवाज फक्त फिलरमधून. कॅमेऱ्यात चारही पिस्टनच्या माथ्याची कड चहूबाजूंनी कार्बन धुतल्यासारखी स्वच्छ आणि ओली. इनटेक व्हॉल्व्ह कोरडे. बोअरवर होनिंगच्या (दगडाने घासल्याच्या) तिरप्या रेघा दिसतात.

बोअर_होन

हे चित्र बरंच स्पष्ट आहे. ऑइल गाइडमधून उतरत असतं तर इनटेक व्हॉल्व्ह ओले किंवा कार्बनने लडबडलेले दिसले असते आणि ओल व्हॉल्व्हच्या बाजूला जास्त असती. माथ्याची कड सगळीकडून धुतली गेलीय, म्हणजे ऑइल खालून येतंय. बोअर ग्लेझ (घासून गुळगुळीत) झालं असतं तर तो भाग आरशासारखा चकाकला असता आणि लीकडाउनही ६ ते ८ टक्क्यांवर थांबला नसता. थोडक्यात वरची रिंग बसलेली आहे.

चारही सिलिंडर सारखे आहेत, याला फार महत्त्व द्या. तुटलेली रिंग किंवा एखादा ओरखडा असता तर एकच सिलिंडर वेगळा दिसला असता. इथे एक चूक चार वेळा सारखीच झाली आहे. माझा पहिला संशय दुसऱ्या रिंगवर. ही रिंग बहुतेक इंजिनांत टेपर (तिरकस कडेची) असते, तिची खालची धार भिंतीवरचं ऑइल खाली खरवडते. उलटी बसली तर पिस्टन वर जाताना तेच ऑइल वर लोटते, आणि कॉम्प्रेशन तरीही छान दिसतं. रिंगवर ठिपका किंवा अक्षर कोरलेलं असतं, ती बाजू पिस्टनच्या माथ्याकडे हवी. एकाच हाताने चार पिस्टन भरले, तर गैरसमज चारही ठिकाणी जातो.

दुसरा संशय ऑइल रिंगचा एक्सपांडर, म्हणजे तिच्या दोन पातळ रेल (पट्ट्या) भिंतीवर दाबणारी स्प्रिंग. तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगमध्ये त्याची दोन टोकं समोरासमोर टेकायला हवीत, एकमेकांवर चढायला नकोत. चढली की एक्सपांडरचा घेर कमी होतो, पातळ रेल भिंतीवर दाबल्या जात नाहीत आणि ऑइल खरवडलंच जात नाही. बऱ्याच एक्सपांडरची टोकं रंगवलेली असतात, बसवल्यावर दोन्ही रंग दिसलेच पाहिजेत.

रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून ऑइल जळतं, असं कोणी सांगेल. चालत्या इंजिनात रिंगा फिरत असतात, त्यामुळे एवढ्या खपाचं ते कारण नाही.

रॉकरआर्म

पटतंय, हेडवरचा संशय मी मागे घेतो. फक्त बिगएंडचा क्लिअरन्स (बेअरिंगमधली फट) विसरू नका. क्रँक जास्त घासला असेल आणि बेअरिंग ढिली असेल, तर बाजूने इतकं ऑइल उडतं की चांगली रिंगही पुरी पडत नाही. प्लास्टिगेजने (बेअरिंगमध्ये चेपून फट दाखवणाऱ्या मऊ धाग्याने) मोजा, आकडा इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडा. गरम आयडलला ऑइल प्रेशर कमी असेल तर ही शक्यता वाढते.

गिअर_पाच

प्रेशर मॅन्युअलप्रमाणे आहे. म्हणजे पिस्टन काढायचेच. काढताना आणि परत भरताना काय पाहू?

बोअर_होन

पिस्टन बाहेर आला की रिंगांना हात लावण्याआधी फोटो घ्या. दुसऱ्या रिंगची खूण वर आहे की खाली, एक्सपांडरची टोकं कशी आहेत, हे तिथेच कळतं. एकदा रिंगा उतरवल्या की पुरावा गेला.

सगळं सरळ निघालं, तर ऑइल रिंगमागची पिस्टनमधली भोकं मोकळी आहेत का बघा आणि बोअर डायल गेजने मोजा. वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी ९० अंशात दोनदा. गोलाईत किंवा टेपरमध्ये (वर-खालच्या मापात) ०.०१ ते ०.०१५ मिमीपेक्षा जास्त फरक नव्या बोअरला शोभत नाही.

परत भरताना नव्या रिंगा आणि हलकं होनिंग, रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशात छेदतील असं. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, फट फीलरने मोजा. ढोबळ हिशोब बोअरच्या १०० मिमीला ०.४० मिमी, म्हणजे ७५ मिमीला ०.३०. पण रिंगच्या पाकिटावर आकडा असेल तर तोच धरा. फट कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडतात.

होनिंगनंतर बोअर रॉकेल किंवा पेट्रोलने पुसून भागत नाही, दगडाची भुकटी रेघांत तशीच राहते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश. मग कोरडं करून लगेच ऑइल लावा. पांढरा कपडा फिरवून करडा डाग आला तर पुन्हा धुवा. ती भुकटी राहिली तर नव्या रिंगा काही शे किलोमीटरमध्ये खाऊन टाकते.

ऑइल रिंग चढवताना आधी एक्सपांडर, मग दोन रेल, रेलच्या फटी एक्सपांडरच्या जोडापासून दोन बाजूंना अंदाजे २५ मिमी. बसल्यावर जोड पुन्हा डोळ्यांनी बघा, रेल चढवताना टोक सरकतं. मग फक्त ऑइल रिंग लावलेला पिस्टन बोअरमधून स्प्रिंग काट्याने ओढून बघा. चारही पिस्टनला ओढ साधारण सारखी लागायला हवी, एखादा सहज घसरला तर तिथला एक्सपांडर पाहा.

सुरुवातीला साधं मिनरल ऑइल घाला. प्लग काढून स्टार्टरने प्रेशर आणा, मग स्टार्ट करा आणि आयडलला रेंगाळू देऊ नका. गरम होताच वरच्या गिअरमध्ये ५० वरून ८० पर्यंत जोर द्या, मग ॲक्सिलरेटर सोडून ५० वर येऊ द्या. असं दहा-बारा वेळा. जोर देताना गॅस रिंगेला भिंतीवर दाबतो, सोडताना ऑइल वर येऊन घासलेला चुरा धुऊन नेतं. ५०० किमीला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि खप मोजायला त्यानंतरच सुरुवात करा.